पेठेतलं खिंडार: जुनी इमारत पडते, नवी का उभी राहत नाही?

आमच्या मामांचं दुकान धुळ्यात, जुन्या पेठेत होतं. 'होतं' मी म्हणतो, मामा अजूनही 'आहे' म्हणतात. गंमत अशी, की दोघांचंही बरोबर आहे. ते कसं, हे सांगायला मला आख्खा लेख लागणार आहे.

इमारत एकमजली. मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. रस्त्याकडे तीन गाळे, बाजूने एक बोळ, बोळातून आत आणि वर मिळून तीन बिऱ्हाडं. एका उन्हाळ्यात ती पाडली. पंधरा-वीस दिवसांत जागा मोकळी. दर्शनी बाजूला निळे पत्रे ठोकले गेले, त्यावर फ्लेक्स लागला: काचेची चकचकीत इमारत, समोर आपल्याकडे न उगवणारी झाडं, खाली 'बुकिंग सुरू'. नंतर फ्लेक्सवरची इमारत उन्हाने उडाली, झाडं तेवढी उरली. पत्र्यांमागे खड्डा आहे. पावसाळ्यात त्यात पाणी, उन्हाळ्यात शेजारच्या रसवंतीचं चिपाड.

अशी खिंडारं फक्त धुळ्यात नाहीत. जळगाव, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार, कुठल्याही जुन्या बाजारपेठेत हिंडलात तर दातांच्या रांगेतला एखादा पडलेला दात दिसावा तशी दिसतात. कारण विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात: 'बिल्डर बसला' नाहीतर 'कोर्टात आहे'. दोन्ही खोटी नाहीत. पण बिल्डर का बसला आणि प्रकरण कोर्टात का गेलं, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. इमारत पाडायला एकाची मर्जी पुरते, बांधायला मात्र पंधरा-वीस जणांची सही लागते. आणि त्या सह्या मिळण्याची खरी वेळ इमारत उभी असतानाची असते. आपल्याकडे आधी पाडतात, मग सह्या गोळा करायला निघतात.

पाडाले काय लागस?

पेठेतले एक म्हातारे व्यापारी खड्ड्याकडे बघून अहिराणीत म्हणाले होते, "पाडाले काय लागस? बांधाले लागस." हे शब्दशः खरं आहे. जुनी इमारत पाडायला मालकाचे पैसे जात नाहीत, उलट हातात येतात. सागवानी तुळया, खांब, कोरीव चौकटी, जुन्या फळ्या यांना बाजार आहे. ठेकेदार येतो, लाकूड टिचकी मारून बघतो आणि मालावर बोली करतो: माल माझा, पाडकाम माझं, वर तुम्हाला इतके रुपये. भाजलेल्या विटा, फरशा, लोखंडी गज, सगळ्याला गिऱ्हाईक असतं. धाब्याची मातीसुद्धा शेतात टाकायला जाते.

म्हणजे पाडणं हा मालकासाठी कमाईचा दिवस. खर्च सुरू होतो तो दुसऱ्या दिवसापासून, आणि तो करायला दुसऱ्या दिवशी कोणी तयार नसतं.

पण मालकाला पाडायची घाई का? भाडं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी जवळपास जागच्या जागी गोठवली. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला, त्याने दर वर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली. मूळ भाडं शंभर रुपये असेल तर चार टक्के म्हणजे चार रुपये. बाजारात तसल्याच गाळ्याला हजारो रुपये मिळत असताना मालकाला ही चेष्टा वाटते, आणि त्यात त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

मग तो दुरुस्ती करत नाही. कायद्यात दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. फक्त एका वर्षात भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कापता येत नाही. महिना शंभर म्हणजे वर्षाचे बाराशे, चौथा हिस्सा तीनशे. तीनशे रुपयांत सिमेंटची एक गोणी येत नाही. धाबं दर एक-दोन वर्षांनी नव्या मातीने सारवावं लागतं, पन्हळ साफ ठेवावी लागते. ते थांबलं की दोन पावसाळ्यांत पाणी भिंतीत उतरतं, आणि मातीच्या भिंतीत उतरलेलं पाणी तुळईचं टोक खातं. इमारत म्हातारी होऊन मरते असं आपण म्हणतो. बऱ्याचदा तिला औषध बंद केलेलं असतं.

दोन दारं

भाडेकरू असलेली इमारत कायदेशीरपणे पाडायला दोन दारं आहेत. सगळी गोम या दोन दारांच्या फरकात आहे.

पहिलं दार भाडे कायद्याचं. 'मला ही इमारत पाडून नवी बांधायची आहे' असं सांगून मालक कोर्टात जागा मागू शकतो. पण कोर्ट आधी विचारतं: नव्या बांधकामाचे पैसे तुझ्याजवळ आहेत का? नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहे का? नगरपालिकेने नकाशा मंजूर केलाय का? त्या नकाशात प्रत्येक भाडेकरूला आत्ता आहे तेवढीच जागा दाखवली आहे का? फरक पाच टक्क्यांपर्यंतच चालतो. मालकाला लेखी हमी द्यावी लागते: संपूर्ण ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात पाडायला सुरुवात, तीन महिन्यांत पाडून पूर्ण, आणि त्याच तारखेपासून पंधरा महिन्यांत नवी इमारत उभी. मालकाच्या हाताबाहेरचं कारण असेल तरच कोर्ट मुदत वाढवतं. भाडेकरूनेही जागा सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत 'मला नव्या इमारतीत जागा हवी' अशी नोटीस द्यायची असते. ही सहा महिन्यांची गोष्ट कितीतरी जणांना माहीतच नसते.

हे दार नीट वाचा. यात क्रम बरोबर आहे: आधी पैसा, मग नकाशा, मग हमी, आणि सगळ्यात शेवटी कुदळ. कायदा करणाऱ्यांना खड्ड्याची भीती होती हे उघड दिसतं.

दुसरं दार धोकादायक इमारतीचं. धुळे आणि जळगाव महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४खाली, तर अमळनेर, चोपडा, नंदुरबारसारख्या नगरपरिषदांना १९६५च्या कायद्याच्या कलम १९५खाली, पडायला आलेली इमारत रिकामी करून उतरवण्याचा अधिकार आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचनेच्या तपासणीचा दाखला लागतो. तपासणीनंतर वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब पाडा. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे माणसं आत ठेवूनच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. दर वर्षी मृग लागायच्या आधी जुन्या पेठांत या नोटिसा चिकटतात.

या दारात पैशाचा प्रश्न नाही. नव्या नकाशाचा नाही. पंधरा महिन्यांची हमी तर नाहीच. प्रश्न एकच: इमारत पडेल का? तो बरोबरही आहे. सप्टेंबर २०२०मध्ये भिवंडीत इमारत कोसळून पस्तीसहून अधिक माणसं गेली. अशी बातमी वाचलेला कोणता अधिकारी 'थांबा, आधी पुनर्बांधणीचा करार करा' म्हणेल? त्याच्या जागी मी असतो तरी पाडूनच मोकळा झालो असतो.

आता मालकाच्या जागी उभे राहा. एका दारात दहा अटी, दुसऱ्या दारात एक नोटीस. पहिल्या दाराने गेलात तर भाडेकरूला जागा बांधून द्यायची, दुसऱ्याने गेलात तर (असं वाटतं की) भाडेकरू कायमचा गेला. लोक दुसऱ्या दाराशी रांग लावतात यात नवल काय? औषध बंद केलेली इमारत त्या दाराशी आपोआपच पोचते.

इथे मुंबईचा उल्लेख करायलाच हवा, कारण गप्पांत कोणीतरी हमखास 'मुंबईला म्हाडा बांधून देते' म्हणतं. मुंबई शहरात जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर आहे, त्यासाठी वेगळं मंडळ आहे, अडलेली इमारत ताब्यात घेण्याच्या तरतुदी आहेत. ती यंत्रणा मुंबईपुरती. धुळ्या-जळगावच्या जुन्या इमारतीसाठी असं मंडळ नाही.

न दिसणारे भाडेकरू

तर इमारत पडली. भाडेकरूंचं काय झालं?

बऱ्याच मालकांची, आणि खरं तर भाडेकरूंचीही, समजूत असते की छप्पर गेलं म्हणजे भाडेपट्टा गेला. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न निकाली काढला. महापालिकेने धोकादायक म्हणून पाडलेल्या इमारतीचंच ते प्रकरण होतं. न्यायालय म्हणालं, इमारत पडली म्हणून भाडेकरूपण आपोआप संपत नाही. भाडेकरूचा संबंध विटांपुरता नसतो, खालच्या जमिनीशीही असतो. मुंबई उच्च न्यायालयानेही बजावलंय, की पाडण्याआधी कोण भाडेकरू, कोणाकडे किती जागा, हे पालिकेने मोजून नोंदवून ठेवावं.

म्हणून मामा 'आहे' म्हणतात ते बरोबर.

पण बिल्डरच्या बाजूने बघा. तो मोकळी जागा बघून येतो, वकिलाला जागेवर कोणाकोणाचा हक्क आहे याचा शोध अहवाल काढायला सांगतो, आणि वकील म्हणतो: जागा मोकळी नाही, सहा भाडेकरू आहेत, फक्त दिसत नाहीत. दिसणाऱ्या भाडेकरूशी बोलता येतं. तो दुकानात बसलेला असतो, त्याला निघायचं नसतं, म्हणून तो वाटाघाटी करतो. न दिसणारा भाडेकरू हरलेला, चिडलेला आणि पांगलेला असतो. कोणी वलवाडीला राहायला गेलेला, कोणी मुलाकडे नाशिकला. जागा भरलेली होती तेव्हा ज्या सह्या एका संध्याकाळी चहावर झाल्या असत्या, त्यांना आता नोटीस, उत्तर, तारीख लागते.

कार्डावर किती नावं?

भाडेकरू एक बाजू. दुसरी बाजू मालक, आणि 'मालक' हा शब्द इथे एकवचनी नाहीच.

सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, बऱ्याचदा आजोबांचं नाव असतं. समजा दोन भावांनी मिळून जागा घेतली. प्रत्येकाला चार-पाच मुलं, त्यांना पुन्हा दोन-तीन. आज सहीला वीस-पंचवीस माणसं लागतात. एक सुरतला टेक्स्टाइल मार्केटात, एक पुण्यात, एक परदेशात, आणि एकाचं दुसऱ्याशी लग्नातल्या मानपानावरून बोलणं बंद. इमारत उभी होती तेव्हा भाडं गोळा करणारा एक भाऊ सगळ्यांच्या वतीने चालवून घ्यायचा, कारण वाटण्यासारखं काही नव्हतं. मोकळी झाल्यावर जागेला भाव येतो, आणि भाव आला की विसरलेले नातेवाईक उगवतात.

बहिणींची गोष्ट वेगळी आहे, त्या उगवलेल्या नाहीत, त्यांना मुद्दाम विसरलं गेलं होतं. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी १९५६पासून वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत २००५च्या दुरुस्तीने तिला मुलासारखाच जन्मतः हिस्सा दिला, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५मध्ये बाप हयात असण्याची गरज नाही. तरी आपल्याकडे राखीला साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत चालू आहे. एखाद्या बहिणीने सही केली नाही की 'तिच्यामुळे काम अडलं' असं घरभर म्हटलं जातं. काम तिच्यामुळे अडलेलं नसतं. तिला शेवटी विचारल्यामुळे अडलेलं असतं.

एकमत नाहीच झालं तर वाटपाचा दावा. चोवीस फूट रुंद जागेचे पंचवीस तुकडे होत नाहीत, म्हणून १८९३च्या वाटप कायद्याखाली कोर्ट जागा विकून पैसे वाटण्याचा हुकूम देऊ शकतं. पण तिथवर पोचायला जी वर्षं लागतात ती कोणी मोजू नयेत.

चोवीस फुटांचं गणित

समजा वारस जमले, भाडेकरूही तयार झाले. तरी गणित बसायला हवं. मामांच्या जागेसारखीच एक जागा घेऊ. आकडे समजुतीसाठी गोल केलेत, कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) आणि बिल्टअप (भिंती धरून) यांतला फरकही सोडलाय.

जागा २४ फूट रुंद, ९० फूट खोल, म्हणजे २,१६० चौरस फूट. आपल्या पेठांत प्लॉट असेच असतात, अरुंद आणि लांब, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची सामायिक भिंत. १८१८नंतर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याला खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि सरळ गल्ल्यांची पेठ आखली. ती बैलगाडीच्या आणि पायी माणसाच्या मापाची होती, आणि त्या मापाला ती अजूनही सुरेख चालते.

नव्या बांधकामाला नवे नियम. रस्ता रुंदीकरणाची रेषा समोरून सहा फूट आत आली, असं धरू. २४ गुणिले ६, १४४ चौरस फूट गेले. आकडा लहान वाटतो, पण हे सोन्यासारखे फूट, कारण दुकान तिथेच असतं. उरले २,०१६.

चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात, तो म्हणजे जागेच्या कितीपट बांधता येईल याचं माप. मुंबई वगळता जवळपास सगळ्या महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२०पासून एकच विकास नियमावली आहे, आणि तिच्यात हे माप रस्त्याच्या रुंदीवर चढतं-उतरतं. रस्ता अरुंद तर माप कमी. आपण २ धरू, प्रीमियम भरून मिळणारं वाढीव क्षेत्र सोडून देऊ. एकूण बांधकाम साधारण ४,००० चौरस फूट.

त्यातून तीन गाळे, प्रत्येकी ६ बाय २५, मिळून ४५०. तीन बिऱ्हाडं प्रत्येकी ३५०, मिळून १,०५०. भाडेकरूंना १,५०० गेले. उरले २,५००. मालकांनी निम्मे मागितले तर बिल्डरच्या हाती १,२५०.

खर्च मात्र सगळ्याचा बिल्डरला. जिना, लिफ्ट, पार्किंग धरून ५,००० चौरस फूट, दर दोन हजार रुपये धरला तरी एक कोटी. तो १,२५० फुटांतून काढायचा: फुटाला आठ हजार. नकाशाची फी, भाडेकरूंचं मधल्या काळातलं भाडं, व्याज, नफा अजून यायचाय. आणि हे १,२५० फूट कुठे? दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, गल्लीत, जिथे गाडी लावायला जागा नाही. तेवढ्याच पैशांत माणूस देवपूरला किंवा हायवेच्या बाजूला मोकळ्या हवेचा फ्लॅट घेतो.

अजून खरी मेख राहिलीच. पार्किंगसाठी खाली उतरायचा रॅम्प दहा फूट, जिना-लिफ्टचं प्रवेशद्वार पाच फूट. चोवीसमधून पंधरा गेले, उरले नऊ. गाळे तीन, सहा-सहा फुटांचे. नऊ फुटांत दीड दुकान बसतं. म्हणजे तिघांपैकी कोणीतरी वर जायचं. किराणा, भांडी, कापड, कोणताही धंदा करणाऱ्याला विचारा, पहिल्या मजल्यावर जातोस का? क्षेत्रफळ पाच टक्क्यांत बसेलही, पण रस्त्यावरचे दीडशे फूट आणि जिन्यावरचे दीडशे फूट हे एकच नव्हेत. कायदा फूट मोजतो, गिऱ्हाईक पायऱ्या मोजतं.

आणि तळघर खणायचं तर शेजारी. तापी-पांझरेच्या खोऱ्यातली खोल गाळाची नाहीतर काळी, फुगणारी माती, बाजूला मातीच्या भिंतीचं जुनं घर. जेसीबीने दहा फूट खणलं की शेजारच्या भिंतीला तडा जातो आणि शेजारी स्थगिती आणतो. मामांच्या जागेत खड्डा आहे आणि इमारत नाही, त्याचं तात्कालिक कारण हेच.

पैसा कुठून येतो

लहान गावातला बिल्डर स्वतःच्या खिशातून इमारत बांधत नाही. जमीन घ्यायला बँका त्याला कर्ज देत नाहीत, रिझर्व्ह बँकेचे नियमच तसे आहेत. मग तो व्यापाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून उचलतो आणि बुकिंगच्या रकमेवर पुढचा स्लॅब टाकतो. ही साखळी मधेच तुटते. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटाबंदी, मे २०१७मध्ये रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा), जुलै २०१७मध्ये जीएसटी, मार्च २०२०मध्ये टाळेबंदी. रेरा ग्राहकांसाठी उत्तम कायदा आहे, पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर त्याची नोंदणी सक्तीची नाही. २,१६० चौरस फूट म्हणजे दोनशे चौरस मीटर. पेठेतली बहुतेक कामं अशी जाळ्यातून निसटतात. तिथे आधार सदनिकांच्या विक्रीसाठीच्या १९६३च्या मोफा कायद्याचा: नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. चिठ्ठीवर पन्नास टक्के देऊन बसलेले लोक मला माहीत आहेत.

नकाशाची मंजुरीही कायम टिकत नाही. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, एक वर्षाचं, दर वर्षी वाढवून जास्तीत जास्त आणखी तीन वर्षं. काम सुरू न होताच ती गेली तर नवा अर्ज, आणि मधे नियम बदलले असतील तर नवा नकाशा.

मग घाई कोणाला?

इमारत उभी असते तेव्हा सगळ्यांना घाई असते. भाडेकरूच्या डोक्यावर माती पडत असते, मालकाला भाडं बोचत असतं, पालिकेला अपघाताची भीती असते. इमारत पडली की पालिकेची भीती मिटते, मालकाचा त्रास मिटतो, उभ्या इमारतीपेक्षा मोकळ्या जागेचा करही सहसा कमीच येतो, आणि जागेचा भाव बसल्या जागी वाढत राहतो. वाट बघणं स्वस्त पडतं. फक्त भाडेकरूला घाई असते, आणि त्याच्या हातात आता दुकानाची किल्ली असते, कुलूप नसतं.

हे गरीब गावांचंच दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या ऐन मध्यभागी 'ब्लॉक ३७' नावाचा जवळपास आख्खा चौक १९८९मध्ये पाडायला घेतला. मोठे टॉवर उभे राहणार होते. कार्यालयांच्या जागांचा बाजार बसला, आणि तो चौक पंधरा वर्षांहून जास्त काळ रिकामा राहिला. हिवाळ्यात तिथे बर्फावर घसरायचं मैदान, उन्हाळ्यात मुलांची चित्रशाळा. तिथलं मार्केट उघडलं ते २००९मध्ये. तिथे भाडे कायदा आडवा नव्हता, पंचवीस चुलतभाऊही नव्हते. पाडताना बाजार तेजीत होता आणि बांधताना उरला नाही, एवढंच.

आणि पालिका स्वतः मालक असली म्हणजे चाक फिरतं असंही नाही. जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या अनेक गाळ्यांची मुदत २०१२मध्ये संपली, त्यांच्या नूतनीकरणाचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. उभ्या इमारतीतल्या करारांची ही गत. शिवाजीनगरचा जुना रेल्वे पूल पाडल्यावर नव्यासाठी जळगावकरांनी काढलेले वळसेही सगळ्यांना आठवत असतील.

सही करण्याआधी

तुमच्याकडे नोटीस आली असेल, किंवा मालक 'दोन वर्षांत नवा गाळा देतो' म्हणत असेल, तर पहिलं काम टेप घेऊन जागा मोजा. रुंदी वेगळी लिहा, खोली वेगळी, रस्त्याला लागून किती फूट ते ठळक लिहा. फोटो काढा, त्यात शटर, बोर्ड, शेजारची दुकानं दिसू द्या. पालिकेकडे लेखी अर्ज द्या की पाडण्याआधी आमची नावं आणि क्षेत्रफळ नोंदवा, आणि त्याची पोच घ्या. नोटीस सी-१ची आहे की सी-२ची, ते बघा. सी-२ब असताना घाबरून जागा सोडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

मालकाशी किंवा बिल्डरशी होणारा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिलेला कागद बरा दिसतो, उपयोगाचा कमी असतो. करारात मजला लिहा, 'तळमजला, रस्त्याला लागून' असं. मधल्या काळाचं भाडं किती, कधीपर्यंत आणि थांबलं तर काय, हे लिहा. मंजूर नकाशाची प्रत मागा. 'नकाशा टाकलाय' आणि 'नकाशा मंजूर आहे' यात दोन वर्षांचं अंतर असू शकतं. कोणी नाहीच दिली तर माहितीच्या अधिकारात पालिकेकडून प्रारंभ प्रमाणपत्राची तारीख मिळते. आणि वकिलाला प्रॉपर्टी कार्ड दाखवून एवढंच विचारा, की माझ्यासमोर सही करणाऱ्याव्यतिरिक्त या कार्डाचे आणखी किती जण वारस आहेत.

शेजारी असाल तर खणण्याआधी स्वतःच्या भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. तडा जुना की नवा यावर पुढे सगळं ठरतं.

मामांनी यातलं काही केलं नव्हतं. जागा सोडली तेव्हा त्यांच्याकडे होती ती एक भाडेपावतीची फाइल, शटरची किल्ली आणि मालकाच्या थोरल्या मुलाचा शब्द. आता ते पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याच्या ओट्यावर माल मांडून बसतात. वकिलाने सांगितल्यापासून दर महिन्याला जुन्या दुकानाचं भाडं मनिऑर्डरने पाठवतात. मालक ती घेत नाही, 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा पडून पैसे परत येतात.

मी एकदा म्हटलं, "मामा, नसलेल्या दुकानाचं भाडं किती दिवस भरणार तुम्ही?"

त्यांनी फाइल काढली, परत आलेला ताजा कागद तारखेप्रमाणे लावला आणि म्हणाले, "दुकान नसतं तर नकार कशाचा दिला असता त्याने?"